तूप किती

वसुबारसेच्या आदल्या दिवशी लूम थांबले
आणि साखर पेठेत इतकं शांत झालं
की शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता आल्या.
मी परात काढली.
श्रीजानं फडताळातून बिल्ला शोधला, चिंचेनं घासला.
पितळी. गिरणीचा. नंबर १७४२.
माझ्या नायनाच्या हजेरीचा.
भोंगा माझ्या लग्नाआधीच मुका झाला,
बिल्ला तेवढा दर दिवाळीला कामावर जातो.

कारण यासीनभाईंच्या भट्टीत
एका वेळी पंधरा घरांचे पत्रे शिरायचे,
आणि बाहेर आल्यावर भांडणं नकोत म्हणून
कुणी नानकटाईवर चारोळी लावायचं,
कुणी काट्यानं रेघा ओढायचं,
चिप्पांची थोरली सून बांगडी दाबायची.
आमच्यावर आकडा उमटायचा, उलटा.

अम्मानं काहीच लिहून ठेवलं नाही.
विचारलं तर तळहात दाखवायची: एवढं.
म्हणून भिवंडीला राजमणी अत्ताला व्हिडिओ लावला,
फोन मैद्याच्या डब्याला टेकवला.
अत्ता चष्मा शोधत म्हणाली, हां, आता तूप. बेतानं.
कार्तिकनं पातेलं वाकवलं.
मी पिठीसाखर चाळत होतो, पाठमोरा.

चालु, म्हणाली अत्ता.
तो ओतत राहिला.
चालु, चालु!
त्यानं पातेलं आणखी वाकवलं.
अरे चालु रा, चालु!
आणि पातेलं रिकामं.

आमच्या तेलुगूत चालु म्हणजे पुरे.
पण पोरं शाळेत मराठी, गल्लीत मराठी,
घरातही, माझ्यामुळेच, मराठी.
त्यांच्या कानी चालू म्हणजे पंखा चालू,
लूम चालू, थांबू नकोस.
ऱ्हस्वदीर्घाच्या फटीतून
अर्धा किलो तूप वाहून गेलं.

अत्ता भिवंडीत कपाळाला हात लावून हसली,
मग रडली की काय कळलं नाही,
नेटवर्क अडकलं होतं.

भट्टीवर पहिला पत्रा बाहेर आला तेव्हा
त्यावर एकच नानकटाई होती,
चादरीसारखी सलग, या काठापासून त्या काठापर्यंत.
आकडा कुठेच नाही.
जमीरनं, यासीनभाईंच्या धाकट्यानं,
फावडं टेकवून बराच वेळ बघितलं.
मग स्वतःच्या पोत्यातला दोन किलो मैदा
आमच्या परातीत ओतला.
पैसे म्हटलं तर म्हणाला, नंतर बघू, आधी मळा.

मळलं. खारीच्या पत्र्यांच्या मधे, जमिनीवर बसून.
श्रीजाच्या भुवया पांढऱ्या झाल्या,
क्षणभर ती कुणासारखी तरी दिसली.
बिल्ला दाबायचं काम कार्तिकचं.
चाळीसेक झाल्यावर थांबून म्हणाला,
पप्पा, हे सगळं उलटं का उमटतं?
ताता गिरणीतून उलटा चालत घरी यायचा का?
हो, म्हटलं. रात्रपाळी असली की.

दोनशे अकरा भरल्या.
बांधल्या गेल्या जमीरकडे, चिप्पांकडे,
वरच्या मजल्यावर नव्यानं आलेल्या बिहारी पोरांकडे.
चादरीचे तुकडे आम्हीच खाल्ले, चमच्यानं.

रात्री श्रीजानं वहीत लिहिलं:
मैदा दोन किलो (अत्ताचा),
मैदा दोन किलो (जमीरकाकाचा),
तूप, अत्ता चालु म्हणेपर्यंत.
चालु खाली दोन रेघा.

जेवताना मी कार्तिकच्या ताटात आमटी वाढत होतो.
त्यानं वाटीवर हात आडवा धरला
आणि अगदी सहज, मान वर न करता,
म्हणाला, चालु.

मी थांबलो.
त्याची आई मंगळवेढ्याची.
तिनं आणखी एक भाकरी टाकली.