आठ चित्रांचं पाऊल

जालन्यात, सिंधी बाजाराच्या मागं,
बियाण्याच्या दुकानावरच्या खोलीत
मुनव्वरभाई लग्नाच्या कॅसेटी मिक्स करायचे.
आषाढ ते कार्तिक कुणी लग्न करत नाही.
कॉम्प्युटर मात्र हप्त्यावर होता,
आणि हप्ता चातुर्मास पाळत नाही.

म्हणून परीकथा.
पंचवीस रुपयांची व्हीसीडी, स्टँडवर, चिक्कीशेजारी.

राजा आम्ही एकदाच काढला.
तोच दाढी लावून जादूगार झाला,
दाढी उतरवून, कंबर आवळून, राजपुत्र.
जंगलात झाडं तीन. घोडा धावायचा
आणि तीच तीन झाडं पुन्हा पुन्हा मागं जायची,
अंबडच्या रस्त्यावर लिंब जातात तशी नाही.
लिंब निदान संपतात.
जिने परवडत नव्हते,
सगळा महाल तळमजल्यावर.

चेटकीण दैवशालाताईंच्या आवाजात.
त्या पॅथॉलॉजीत रक्त काढायच्या,
लेकरं त्यांना तशीही भ्यायची.
लोडशेडिंग चुकवून पहाटे चारला रेकॉर्डिंग.
नीट ऐकलं तर राक्षसाच्या गुहेत
मिलचा भोंगा वाजतो.

राजकन्येचं चालणं माझ्याकडं आलं.
एक पाऊल म्हणजे आठ चित्रं.
आठ काढली की झालं, तीच फिरवत राहायची
सात समुद्रापार.
लोखंडी कपाटाच्या आरशासमोर मी चालले,
थांबले, काढलं. चालले, थांबले, काढलं.
रात्री साडेअकराला ती पहिल्यांदा पडद्यावर चालली
आणि खोलीत कुणी बोललं नाही.

डाव्या पायावर ती किंचित बसत होती.
माझ्यासारखी.

मला वाटलं होतं, मी फक्त पाय काढतेय.

अंगद म्हणाला, परत काढू, दोन दिवसांचं तर काम.
मुनव्वरभाईंनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला.
"दोन दिवसांचे पैसे कोण देणार?
आणि किती लांबून आलीय ती. चालत.
दुखत नसंल का पाय?"

तशीच गेली ती.
शेवटी राजपुत्र तिचा हात धरतो.
हात काही जुळेनात,
त्याची बोटं तिच्या मनगटात घुसायची.
मग मुनव्वरभाईंनी लग्नाच्या मिक्सिंगमधनं
गुलाबाच्या पाकळ्या आणल्या, बदामाची चौकट
आणि दोन कबुतरं,
जी त्या वर्षी परतूर, मंठा, भोकरदनच्या
प्रत्येक नवरा-नवरीवरून उडून गेली होती.

सहाशे प्रती. खपल्या दोनशे दहा.
एक जण परत घेऊन आला:
ह्यातली पोरगी लंगडती, सीडीत फॉल्ट हाय, बदलून द्या.
मुनव्वरभाईंनी बदलून दिली.
दुसरीतही ती तशीच चालली असणार.
तो परत आला नाही.

आता ते मोबाइलला काच बसवतात.
मी बदनापूरला, अंगणवाडीत.
भिंतीवर हत्ती काढते, मोर काढते. उभे.
कुणाला कुठं जायचं नसतं.

परवा सोमठाण्याच्या वाटेवर
ज्वारीत चकत्या टांगलेल्या दिसल्या दोऱ्यांना,
पाखरं हुसकायला. फिरायच्या, चमकायच्या,
उन्हाचे तुकडे कणसांवर फेकायच्या.
बांध उतरले, जपून.
चपलेत ढेकूळ गेलं, ते काढलं.
मग एक चकती धरली, उलटी केली.
मार्करनं लिहिलेलं: चि. सौ. कां.
पुढचं नाव उन्हानं नेलेलं.

सोडून दिली.
दोऱ्यावर गरकन फिरली, थांबली,
पुन्हा उलटी फिरू लागली.
शेजारच्या कणसावर चिमणी दाणे खात होती.
ती काही उडाली नाही.