जरा लागलंय

उद्या समूचा इंग्रजीचा पेपर,
आणि परीक्षक मी,
ह्याच पेपरात सत्तावीसवर अडकलेला.

चुलतभावाच्या लग्नातल्या उरलेल्या पत्रिका
तिनं कात्रीनं चौकोनी कापल्यात.
एका अंगाला अर्धा गणपती, नाहीतर कुणाचा तरी आग्रहाचा मान,
दुसऱ्या अंगाला तिचं मुंगीएवढं अक्षर:
वर इंग्रजी, मधे माझ्यासाठी देवनागरी, तळाला उत्तर.
मी नुसतं विचारायचं.
चुकली की कार्ड डाव्या मांडीखाली.

मेटाफर?
रूपक. एक वस्तू दुसरीच आहे म्हणून ठोकून द्यायचं.
उदाहरण?
बावड्याचं आभाळ म्हणजे न झटकलेली रजई.
बाहेर दोरीवरच्या तिच्या युनिफॉर्मवर
साखर कारखान्याची काजळी पडतीय.
आधी तो आत घे, म्हणालो. मग पुढं.

हायपरबोल?
बोल नाही रे दादा, बली. हायपरबली.
बरं, बली. सांग.
पेठेतली पोरं सांगतात तसं,
पेनल्टी मारली ती थेट पन्हाळ्यावर,
अजून बॉल परत आला नाही.

आयरनी?
तिनं दोन्ही खोल्यांवरनं नजर फिरवली.
माझं नाव, म्हणाली. समृद्धी.
कार्डावर वेगळंच काहीतरी होतं.
मी बरोबर धरलं.

ॲपॉस्ट्रॉफी मला न विचारता कळली.
जो ऐकू शकत नाही त्याच्याशी बोलायचं.
उद्यमनगरात आम्ही दिवसभर तेच करतो,
तुटलेल्या टूलची आई काढतो,
जॉबला म्हणतो, बाबा, आता तरी साईजमधे ये.

पुढचं कार्ड लांबलचक होतं.
ओनो... ओनोमॅ...
तेवढ्यात उसाचा ट्रॅक्टर गेला, मागं दोन ट्रॉल्या,
साखळ्या खळाखळा, भांडी थरथर.
हेच ते, ती म्हणाली.

मग टोनची कार्डं, रबर बँड लावलेली.
सार्कॅस्टिक. विस्टफुल. इंडिग्नंट. सोंबर.
बोलणाऱ्याचा सूर ओळखायचा
आणि एका शब्दात बसवायचा.
आई नुसतं ‘जेवलास काय’ म्हणते
त्यातच चार कार्डं संपतात,
पगाराच्या दिवसाचं पाचवं वेगळं.

एक कार्ड चुकून ह्या गठ्ठ्यात आलं होतं.
अंडरस्टेटमेंट.
मोठी गोष्ट बारीक करून सांगणे.
उदाहरणाची जागा कोरी.

समू नखानं रबर बँड ओढत राहिली.
आतल्या खोलीत पपा झोपलेले,
उजवा हात उशीखाली, सवयीनं.
फोन तिनंच घेतला होता तेव्हा.
‘जरा लागलंय. दादाला सांग,
सीपीआरला येताना डबा आण, भूक लागलीय.’
जरा म्हणजे दोन बोटं.
प्रेसखाली, दुसऱ्या पाळीत.
तोही फेब्रुवारीच होता.

ह्याचा टोन कुठला गं?
तिनं सगळी कार्डं फरशीवर मांडली,
पत्ते मांडतात तशी.
सोंबर उचललं, ठेवलं.
दुसरं एक उचललं, तेही ठेवलं.
शेवटी म्हणाली, मॅटर ऑफ फॅक्ट.
मी उलटून बघितलं:
भावना मधे न आणता सांगणे.
बरोबर आहे काय हे?
बोर्डाला चालतंय, ती म्हणाली,
आणि कार्डं गोळा करायला लागली.

सकाळी सेंटरच्या गेटवर तिला उतरवलं.
पॅडच्या क्लिपात हॉलतिकीट,
बाहीवर काजळीचा एक ठिपका राहिलेलाच.
भीती वाटतीय काय?
जरा, म्हणाली.

दुपारी खिशात हात घातला तर ते लांबलचक कार्ड.
ग्रीसचा अंगठा अर्ध्या गणपतीवर उमटला.
सुट्टी संपेपर्यंत तोडून तोडून म्हणत बसलो,
ओनो, मॅटो, पिया.
मग लेथ चालू केला आणि मोठ्यानं म्हटलं,
सगळं, एका दमात.
त्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही.