उशिराची राख

राखेच्या बुधवारी मी चर्चमध्ये नव्हतो,
नरडाण्याच्या यार्डात खडीवर पडलो होतो.
हातातली बत्ती विझली नाही, एवढंच.
टाच मोडली. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे प्लास्टर.
मी मनात मोजलं :
राखेपासून पुनरुत्थानापर्यंत, जवळजवळ तेवढेच.

दरवर्षी मी चहा सोडायचो.
चाळीस दिवस कोरड्या तोंडाने
मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून
मागे पळणारे रूळ बघत जायचो.
वाटायचं, वर कुणीतरी नोंद ठेवतंय,
माझ्या वहीसारखी,
सुटली अमुक वाजता, पोचली तमुक वाजता.

यंदा पहिल्याच शुक्रवारी
प्रिस्काने ताटात दोन अंडी ठेवली.
"हाड जुळू दे आधी, आत्म्याचं नंतर बघू," म्हणाली
आणि दुपारच्या पाळीला हॉस्पिटलात गेली.

मग पलंग, खिडकी, उशीवर पाय.
भुसावळचं ऊन सकाळी दहालाच दारात येऊन बसायचं,
वसुलीला आल्यासारखं.
पहिला आठवडा मी सगळ्यांवर ओरडलो.
दुसऱ्यात दिसायला लागलं.

प्रिस्का उभ्याने जेवते.
ओट्याला टेकून, एका हातात भाकरी,
दुसऱ्याने अनुग्रहचा डबा भरत.
लग्नाला अकरा वर्षं झाली.
मी विचारलं, "केव्हापासून?"
ती म्हणाली, "काय केव्हापासून?"

क्रूसाची वाट आम्ही घरातच केली,
मला गुडघे टेकता येईनात म्हणून.
शेरोन वाचत होती, बोट ओळीवर ठेवून.
मध्येच थांबली :
"येशू तिसऱ्या स्थानावर पडला, मग सातव्या, मग नवव्या.
बाबा, तुम्ही नरडाण्याला पडलात.
ते कितवं?"
भाऊ, म्हणजे माझे वडील,
भिंतीकडे तोंड करून हसू दाबत होते.
मग दाबता येईना.
प्रार्थनेच्या मधोमध आम्ही पाचही जण हसलो,
आणि आमेन कुणी म्हटलं की नाही, आठवत नाही.

तिसऱ्या शनिवारी अंगणात बिबडे घातले.
पऱ्हाटीच्या काट्यांवर पातेलं,
ज्वारीचा घाटा लसूण-तिळासकट रटरटत होता,
शेजारच्या दोघी ओल्या फडक्यांवर थापत होत्या.
मला काम दिलं, खुर्चीवरून कावळे हाकायचं.
पोरांनी वाटीत गरम घाटा घेतला, वर तेल,
जिभा भाजून घेतल्या.
मग शेरोन चुलीशी गेली,
बोट राखेत बुडवून आली
आणि माझ्या कपाळावर ओढलं, वाकडं,
एक आडवी रेघ नाकापर्यंत आली.
"तुमची राहिली होती ना."

मी भाऊंकडे पाहिलं.
बत्तीस वर्षं लोको शेडमध्ये
वाफेच्या इंजिनांखालची राख उपसलेला माणूस.
त्यांचे खांदे अजून त्या फावड्याच्या बाजूला झुकलेले.
लहानपणी मला त्या वासाची लाज वाटायची,
हे मी कधी कुठल्या फादरला सांगितलं नाही.
"मनी जिंदगी राखमा गयी, पोऱ्या," ते म्हणाले,
"हाई बी चालस."
आणि स्वतःचं कपाळ नातीपुढे केलं.

मी ती रेघ रात्रीपर्यंत पुसली नाही.
घामाने ती आपोआप गेली.

प्लास्टर निघालं पवित्र आठवड्यात.
आतला पाय दुसऱ्याच कुणाचा, बारीक, खपल्यांचा.
भाऊंनी कोमट पाणी आणलं, काही न बोलता धुतला.
गुरुवार होता.
हे लक्षात आलं तोवर ते पाणी तुळशीपाशी नाही,
शेजाऱ्यांच्या कडुनिंबाला ओतून आले होते.

आता मे महिना. मी पुन्हा शेवटच्या डब्यात.
वहीत सुटल्या-पोचल्याच्या वेळा लिहितो.
काल नंदुरबारच्या रनिंग रूममध्ये
डब्यातला बिबडा मोडला, घरी फोन लावला.
"जेवलीस?"
"जेवतेय."
"बसून?"
ती गप्प झाली.
मग फरशीवर स्टूल ओढल्याचा आवाज आला.