तंदुरुस्तीचा दाखला

कागदावर चार रकाने होते:
उंची, वय, दात, चाल.
उंचीसाठी आमच्याकडं बैल मोजायची पट्टी,
ती तिच्या खांद्याच्या आतच संपली.
पुढचं मी अंदाजानं लिहिलं.

पशुधन पर्यवेक्षक, अंबाजोगाई.
रोजचं काम म्हणजे लाळ-खुरकुताची लस,
आडलेली म्हैस, हिरवं खाऊन फुगलेलं एखादं शेरडू.
हत्तीण पहिल्यांदाच.
परळी रस्त्याला, बंद जिनिंगच्या मैदानात सर्कस उतरली होती
आणि गावात नळ यायचा नवव्या दिवशी.

मोतन तिचं नाव.
स्टुलावर बसायचं, एका पायावर तोलायचं,
शेवटी प्लायवुडच्या महादेवाला
सोंडेनं अभिषेक.
तेव्हा तंबूत माणसं चपला काढून उभी राहत.
घंटा वाजवणारा पुजारी मघाशी विदूषक होता,
गंध तेवढं नवं.

रविवारी, दुसऱ्या खेळाला,
तिनं बादलीत सोंड बुडवली, भरून घेतली,
पिंडीवर नेली,
थांबली,
आणि तोंडात घातली.

टँकरमागं घागरी घेऊन धावणारं अख्खं गाव
खदखदून हसलं.
माझी वैजू सगळ्यात जास्त.
"देवाचं पाणी पिली, दादा, ती!"
मीही हसलो. फुकट पासावर
पहिल्या रांगेत बसलो होतो.

सोमवारी सकाळीच बोलावणं.
कानामागं अंकुशाच्या ताज्या खुणा, वर हळद थापलेली.
घुंगरांच्या पट्ट्याखाली दुसरी जखम,
इतकी जुनी
की तिला साखळीच्या कड्यांचा आकार आला होता.
माहूत इद्रिस म्हणाला,
"मालक कशाला हात लावतोय साहेब, मारायचं मलाच.
दिवसाला एक पिंप येतं हिला,
त्यातलं अर्धं देवाला.
रात्री मी हिच्याच पायात झोपतो.
कूस बदलायच्या आधी सोंडेनं चाचपते,
मी कुठं आहे."

मॅनेजरनं चहा मागवला, वर बिस्किटं.
शेवटची ओळ छापील:
खेळास योग्य / अयोग्य. नको ते खोडावे.
अयोग्य ठेवलं तर ती जाईल कुठं,
इद्रिस कुठं, ती पन्नास पोटं कुठं,
हे मी विचारलं स्वतःला.
विचारायला सोपं होतं.
लातूरच्या भिंतींवर पोस्टरं लागलेली.
एक रेघ मारली.
हात थरथरला असं आज लिहिलं
तर तो दुसरा खोटा दाखला होईल.

तंबू उतरला त्या पहाटे इद्रिस तिला
जयंतीच्या पात्रात घेऊन गेला, पाणी असेल म्हणून.
नव्हतं.
मी सायकल धरून मागं मागं.
तिथं हत्तीखान्यात, कातळाच्या अंगणात,
दगडी हत्ती उभे.
सोंडा फुटलेल्या, कान झिजलेले,
पण बस म्हणणारा कोणी नाही,
ऊठ म्हणणारा नाही.
तिनं त्यांना ओळखलं वगैरे मी म्हणणार नाही.
एकाच्या पायाशी खळग्यात ओल होती,
तिथं तिनं सोंड टेकवली,
फुंकर घातली, माती उडाली,
आणि इद्रिसकडं वळून उभी राहिली,
साखळी अडकवून घ्यायला
पाय आपणहून पुढं.

आता सर्कशीत हत्ती नसतात.
वैजू पुण्यात असते, तिची लेक चित्रातल्या हत्तीला
निळा रंग देते, फोनवर सांगते,
"आजोबा, माझा हत्ती पाणी पितोय."
किती, मी विचारतो. ती म्हणते, "खूप."

माझ्या ट्रंकेत त्या दाखल्याची कार्बन प्रत आहे.
रेघ मी हलक्या हातानं मारली असणार,
खालच्या कागदावर ती उमटलीच नाही.
सही नीट उमटली आहे.
वर योग्य, अयोग्य,
दोन्ही शब्द अजून वाचता येतात.