ओलसर

फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा
रोज रात्री गाडीखाली सरकवतो.
सकाळी सात डाग असतात, कधी नऊ.
बॉलपेननं प्रत्येकाभोवती गोल,
शेजारी तारीख, किलोमीटर.
सुनेत्रा म्हणते, पोराच्या लंगोटांचा
एवढा हिशेब ठेवला नव्हतास.

सोहारबाहेर, हायवेला लागून शोरूम.
पुठ्ठा काखेत मारून मी जातो,
चौथ्यांदा.
काउंटरवर खजूर, वेलदोड्याचा कावा
आणि बदर; दिशदाशाला एक चुणी नाही.
'वेलकम, मिस्टर बाटणकर.'
त्याच्या भाषेत प नाही.
'नो ब्रॉब्लेम,' तो म्हणतो,
आणि बरोबरच आहे,
ज्याला पहिलं अक्षरच मिळत नाही
तो प्रॉब्लेम उभा तरी कशावर राहणार?

पुठ्ठा तो हातात घेत नाही.
दुसऱ्याच्या लग्नाचा अल्बम बघावा
तसा लांबूनच बघतो.
'ही गळती नाही. इंजिनला घाम येतो.
जुलै आहे. तुम्हाला नाही येत?'

येतो.
पण मला दर हजार किलोमीटरला
अर्धा लिटर वरून ओतावा लागत नाही.
(हे उत्तर मला पार्किंगमध्ये सुचलं,
चष्म्यावर धुकं धरल्यावर.)

काचेपलीकडे गाडी लिफ्टवर चढते.
तिचं पोट मी असं उघडं
पहिल्यांदाच बघतोय, जरा संकोचच वाटतो.
मेकॅनिक फडकं काढतो
आणि आधी
सगळं पुसून घेतो. नीट, कोपऱ्याकोपऱ्यातून.
मग टॉर्च.
मग फोटो.
फोटोत ठणठणीत कोरडं लोखंड.
जॉबकार्डावर: दोष आढळला नाही.
सही इथे.
वॉरंटीचे अकरा दिवस उरलेत, तेही
बदरनं कॅलेंडर बघून, हसतमुखानं सांगितलं.

बाहेर कूलरपाशी तो मेकॅनिक पाणी प्यायला आला.
छातीवर नाव शिवलेलं, मोफज्जल.
माझ्याकडे न बघता, ग्लासातच बोलला,
'पीछे का सील है, भाई.
हमको बोलता है, पहले पोंछो.'
आणि मग, 'मेरा नाम मत लेना.'

नाव कसलं घेतोय.
मी बंदरात टाक्या तपासतो.
फ्लँजवर साबणाचा फेस, वाऱ्यात नाक,
मिनिटाला एक थेंब म्हणजे पिवळा टॅग,
पाच म्हणजे फोन.
मार्चमध्ये, टाकी नंबर चौदा,
व्हॉल्व्हच्या मानेखालून बोट फिरवलं,
बोट काळं.
साहेब म्हणाले, शटडाऊनला सहा आठवडे आहेत.
गळती लिहिलीस तर आज रात्रीच थांबवावं लागेल.
ओलसर लिही.

माझ्याही खिशात फडकं होतं.

ओलसर.
शब्द तसा गुणी आहे.
टॉवेल, भिंत, झोपलेल्या पोराची मान,
कशालाही चालतो, कुणाचं काही अडत नाही.
सहा आठवड्यांचे सोळा झाले.
दर सोमवारी पुसतो, दर सोमवारी लिहितो,
आणि इथे एका गोऱ्यागोमट्या पोरावर
चार फेऱ्या दात खातोय.

जॉबकार्डावर सही केली नाही.
बदर म्हणाला, मग गेटपास मिळणार नाही.
बसलो. दोन खजूर खाल्ले, मग आणखी दोन.
मगरिबच्या अजानीला शटर अर्धं आलं
तेव्हा कंटाळून त्यानं सहीशिवाय गाडी सोडली.
याला जिंकणं म्हणत नाहीत.
गाडी गळतेच आहे.

आज सोमवार.
गाडीखाली काही ठेवलं नाही रात्री,
वॉचमन बोंबलेल, बोंबलू दे.
पुठ्ठा उलटा केला, कोरी बाजू वर,
दुमडून ड्युटीच्या बॅगेत घातला.
टाकी चौदापाशी पोचलो तेव्हा
सूर्य नुकता चिमणीच्या वर आला होता.
पुठ्ठा व्हॉल्व्हखाली सरकवला.
फडकं खिशातच राहू दिलं.
बॉलपेन काढून
उकिडवा बसलोय.