तोंड धुवायचं पाणी

नवतप्यात अकराच्या पुढे नळाला हात लावायचा नाही.
टाकीतलं पाणी तोवर चहाचं होतं.
म्हणून पहाटेच भरून ठेवते मी एक बादली,
मोरीच्या कोपऱ्यात, वर ओलं पोतं,
आणि घरात सांगून ठेवलंय:
या पाण्याने भांडी नाही, पाय नाही,
फक्त तोंड.

आमू हसते. आम्रपाली नाव, सोळाची झाली.
कपाळावर सात, हनुवटीवर तीन,
रोज मोजते, आणि मोजता मोजता एखादी फोडते.
एप्रिलात टूथपेस्ट लावून झोपली.
मग लिंबू, आणि तशीच गेली उन्हात,
फोडीएवढा डाग घेऊन आली गालावर.
मग कमाल चौकातून एक डबी.
डबीवरची बाई आमच्या अख्ख्या गल्लीत
कुणासारखीच दिसत नव्हती.
"काहून आणली वं?"
"सात दिवसात फरक पडते म्हणे."
पडला. सातव्या दिवशी गाल
सोललेल्या टमाट्यासारखा.

मी डबी फेकली नाही, ऐंशी रुपयांची होती.
टाचेच्या भेगांना लावून पाहिली.
भेगांनाही नाही आवडली.

माझं तोंड म्हणाल तर
कामठी रोडचा पंप, दुपारपाळी, चार नंबरचं नोझल.
नाकावरून स्कार्फ, कपाळावरून स्कार्फ,
मधली दोन बोटं फट तेवढी उन्हाची.
घरी येऊन गाठ सोडली की
आरशात दोन बायका उभ्या असतात:
एक डोळ्यांपुरती, एक बाकीची.

परवा मेयोत नेलं होतं आमूला.
तिथली डॉक्टर पोरगीच होती,
तिच्याही हनुवटीवर एक पुळी
(मला बरं वाटलं).
म्हणाली, दिवसातून दोनदा धुवा. घासू नका.
सारखा हात लावू नका. उशीची खोळ बदलत जा.
जात नसेल तर महिन्याने या, मग औषध बघू.
आमूचं तोंड उतरलं.
एवढ्यासाठी तीन तास रांग?

पण घरी आल्यावर मलाच बसवलं स्टुलावर.
आधी स्वतःचे हात धुतले, कोपरापर्यंत,
ऑपरेशन करणार असल्यासारखे.
तळव्यावर फेस केला
आणि बोटांच्या टोकांनी,
झोपलेल्या बाळाच्या अंगावरची माशी उडवावी
तशी फिरवत गेली गालांवरून,
नाकाच्या कडेला, जिथे पेट्रोलचा वास बसतो,
तिथे जरा थांबली.
पाणी मारलं. पहिलं पाणी राखाडी.
"आई, कोराडी निघून राहिली तुझ्या तोंडातून!"
दुसरं जरा बरं.
तिसरं पाण्यासारखं.
मग टिपलं, जुन्या मऊ पंचाने. पुसलं नाही.

आणि बघत बसली त्या पट्ट्याकडे.
अंगठा ओला करून पुन्हा एकदा
डोळ्याखालच्या रेघेवरून, हळूच.
"हे नाही निघत."
"ते लागलेलं नाही बाई. ते मीच आहो."

ती काही बोलली नाही.
बादलीत उरलेलं पाणी ओंजळीत घेतलं,
स्वतःच्या तोंडावर मारलं,
आणि डोळे मिटून ओणवी राहिली
थेंब हनुवटीवरून पडू देत.
मी मोजल्या. कपाळावर सहा.
सांगितलं नाही. उद्या आठ असतील.

रात्री दोन खोळी धुऊन गच्चीवर टाकल्या.
कूलरमध्ये पाणी भरून वर जाईस्तोवर
वाळल्यासुद्धा, पापडासारख्या कडक,
आणि इतक्या तापलेल्या
की उशांना घालून
दोघी नुसत्या बसून राहिलो गादीवर,
खोळी निवायची वाट बघत.