कोंडी

यान रात्रीच बघतं, आणि त्याची रात्र
जेमतेम अर्ध्या तासाची.
पृथ्वीच्या सावलीत शिरलं की डोळा उघडायचा,
ऊन लागायच्या आत मिटायचा.
अशा अठरा रात्रींची पुरचुंडी
आज दुपारी पुण्यात उतरली,
पाषाणला, दुसऱ्या मजल्यावर,
जिथे एसी गळतो आणि खाली बादली असते.

उजेड आमच्याकडे ओंजळीने येत नाही.
कण कण येतो, मोजून घ्यावा लागतो.
यान किंचित डुलतं, ते डुलणं वजा करायचं.
वैश्विक किरणांचे ओरखडे पुसायचे.
मग एका रात्रीवर दुसरी रात्र ठेवायची,
खुणेच्या ताऱ्यावर खुणेचा तारा,
ट्रेसिंग पेपर जुळवावा तशी.

सहाच्या सुमारास रेहाना बागवान
चहाचा कप तसाच हातात धरून म्हणाली,
आली बघ.

मीन राशीतली दीर्घिका. कॅटलॉगात नुसता आकडा.
पूर्ण समोरून दिसते, काही लपवत नाही.
मधे फिकट, म्हातारं, थकलेलं;
आणि भोवती दोन भुजा, ठिपक्याठिपक्यांच्या,
गरगरत बाहेर गेलेल्या.
हा अतिनील उजेड, माणसाला न दिसणारा.
आम्ही त्याला निळा रंग देतो,
कारण कुठला तरी द्यावा लागतो.

तीन कोटी वर्षांपूर्वी निघाला हा.
तेव्हा समोरच्या वेताळ टेकडीचा काळा दगड
वाहून, निवून, भेगाळून
कधीच जुना झाला होता.
म्हणजे ज्या दगडावर बसून मी शेंगदाणे खाते
तो या पडद्यावरच्या सगळ्याहून वयाने मोठा.
मला कोणी सांगितलं नव्हतं हे.
वजाबाकी केली. मग पुन्हा केली.

घरी, खडकीत, आप्पा काळा चष्मा लावून बसलेले.
मंगळवारी मोतीबिंदू काढला.
तेव्हापासून त्यांना निळं फार निळं दिसतं.
आईला विचारत होते, ही साडी नवी का?
आई म्हणाली, अकरा वर्षं झाली.

लॅपटॉप पुढे केला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, विद्यापीठ चौक.

बावीस वर्षं तो चौक त्यांनी शिट्टीवर हाकला.
तिथला उड्डाणपूल बांधताना पाहिला, पाडतानाही.
मी सांगत होते, आप्पा, या भुजा म्हणजे वस्तू नव्हेत.
तारे एका अंगाने आत शिरतात, मंदावतात,
दुसऱ्या अंगाने निघून जातात.
उरते ती नुसती दाटी.
ते हसले. हे तू मला सांगतेस?
गाड्या बदलतात, बाई. कोंडी तीच.

मग मी ठिपक्यांवर बोट ठेवलं.
दाटीत वायू दाबला जातो,
तिथेच जन्मतात हे, सगळ्यात निळे, सगळ्यात तापट,
आणि दाटीतून सुटायच्या आतच संपतात.

आप्पांनी मान हलवली.
एकदा रिक्षात झालं होतं, म्हणाले, पोर,
साडेसहाचा टाईम, चारी बाजू बंद,
मी माझा रेनकोट दिला गुंडाळायला.
आता तिशीला आला असेल.
कुठल्यातरी गाडीत बसून
त्याच चौकात हॉर्न वाजवत असेल.

अँब्युलन्सबद्दल ते काही बोलले नाहीत.
कधीच बोलत नाहीत.

डाव्या भुजेत एक काळी फट आहे.
धूळ असेल, किंवा आमचंच काही चुकलं असेल.
आप्पा तिच्याकडे वाकून बघत राहिले,
डोळ्यातल्या थेंबांचं पाणी गालावर,
म्हणाले, इथे बघ. इथे जरा मोकळं आहे.
इथे कोणीतरी उभं आहे.

मी म्हटलं, उद्या सकाळी तपासते.